लहानपणीचा वण

— न्हाई न्हाई, बसा तुमी, तुमी कामून उठायलाव, मीच उठतो. मला तसंबी बूड टेकवत न्हाई. सकाळी सातपासून ह्या बाकड्यावर बसायलो आन् उठायलो. काय म्हणत होतो मी? हां, तो दिवा. दारावरचा लाल दिवा लागला की आत आपरेशन चालू, असं सिस्टर म्हणली. मग दिवा चालू असताना डॉक्टर मॅडम बाहेर कशा आल्या? तुमी बघितलं ना मघाशी? तोंडाला फडकं, हातात मोजे, खांद्यानं दार ढकललं आन् सरळ माझ्यापशी. एकच गोष्ट इचारली आन् गेल्या आत. तुमाला ऐकू आलं का? न्हाई? बरं झालं. म्हणजे ऐकण्यासारखं काई न्हवतंच त्यात — वणाचं इचारलं. जुना एक वण हाय, माझ्या मालकिणीच्या जांघेत, त्याचं. "मामा, हा वण नक्की कव्हाचा?" मी सांगितलं, लहानपणीचा हाय, फोड आला होता. झालं. एवढंच. एवढ्यासाठी माणूस हातातलं काम टाकून बाहेर येतंय का? तुमीच सांगा आबासाहेब — आबासाहेबच म्हणलाव न्हवं? चुडाव्याचे. मग तर वळखीचेच निघालाव. तुमच्या शिवारात मेंढरं बसवलीत मी, खतासाठी, दोन हंगाम — टेसनाच्या अलीकडं ती दगडी विहीर हाय बघा, कडंला लिंब — तीच. मी येडबा. राणीसावरगावकडचा. नावावर जाऊ नका, आजीनं ठेवलंय.

तुमच्या मंडळीचं खड्यांचं हाय ना, पित्ताच्या? ते काई न्हाई, अर्ध्या तासात होतं म्हणत्यात. आमचं आटोपलं की तुमचा नंबर. आमचं कव्हा आटोपतंय ते — आमचं म्हणजे सुगंधाचं. टाचेवर काळा डाग हाय तिच्या, डाव्या. कातडीचा कॅन्सर म्हणले. मी म्हणलं, कातडीलाबी होतो व्हय? तंबाखूनं तोंडात होतो, बायांना होतो ते माहीत हाय, पण टाचंला? ती तर तंबाखूला हातबी लावत न्हाई. आमची सून रुपाली, ती सोनपेठला आशाताईचं काम करती, तिनं धरून आणली हिला. पाय धुताना तिला दिसला तो डाग. म्हणली, आत्याबाई, ह्याची कड वाकडीतिकडी झालीय, आन् ह्या अंगाला निळा हाय. मी म्हणलं, बिब्ब्याचा डाग हाय तो, येडी झालीस का — बिब्ब्याचा डाग निळा न्हाई तर काय पिवळा असणार? तिनं दुसऱ्याच दिवशी हिला एस्टीत घालून परभणीला आणलं. आता खाली गेलीय ती, औषधाची चिठ्ठी घेऊन. येईल आता. यायला पायजे आता. किती वाजले तुमच्या घड्याळात?

त्यातला तुकडा काढून पाठवला, तीन आठवड्यांनी कागद आला. मग ह्या राजेश्री मॅडम. त्या इथल्या न्हाईत, महिन्यातून एकदा येत्यात, रेल्वेनं, संगं एक मोठी पेटी असती. त्या पेटीत कॅमेरा हाय. साधा न्हाई — थांबा, सांगतो, मला समजलंय ते चांगलं. डाग तर कापायचाच हाय, पण रोग डागातच हाय का पुढं गेला ते कसं कळणार? तर डागाच्या भोवती हिरवं औषध टोचत्यात, चार सुया. ते औषध अंगातल्या बारक्या वाटांनी वर चढतं. आपल्याला वरून काईच दिसत न्हाई. मग आतले दिवे मालवत्यात, कॅमेरा पायावर धरत्यात, आन् टीव्हीवर रेघ चालायला लागती — उजेडाची रेघ — टाचेवरनं घोट्याला, घोट्यावरनं पोटरीला, मांडीला, आन् जांघेत एका ठिकाणी जाऊन थांबती. ठिपका होऊन थांबती. मला मोबाईलवर दाखवलं मॅडमनी, दुसऱ्या कुणाचा तरी पाय होता. मी म्हणलं, मॅडम, हे ते अणूचं तर न्हाई ना? रुपालीनं वाचलं होतं कुठंतरी, गाठ शोधायला अणूचं औषध टोचत्यात म्हणून, आन् ती बेजार झाली होती, लेकराला आजीजवळ देता येतंय का न्हाई म्हणून. मॅडम हसल्या. म्हणल्या, "न्हाई हो मामा, ह्यात किरणंबिरणं काई न्हाईत. ते औषध दुरून आणावं लागतं, सहा तासात त्याचा जोर निम्म्यावर येतो, त्याला वेगळी खोली लागती, वेगळा परवाना लागतो. परभणीला ते कुठून आणू? हे बाटलीत येतं, कॅमेरा पेटीत येतो आन् मी तपोवन एक्सप्रेसनं येते." लय मोकळ्या हायेत बोलायला.

आन् तो ठिपका जिथं थांबतो ना, ती पहारेकरी गाठ. तसंच म्हणल्या त्या. रोग टाचेतनं निघाला तर पहिल्यांदा त्या गाठीपशी येणार, वेशीवरच्या पहारेकऱ्यापशी. ती एकच गाठ काढायची आन् तपासायची. तिच्यात रोग न्हाई, म्हणजे पुढं गावात न्हाई. मग बाकीच्या गाठी काढायच्या न्हाईत, पाय सुजायचा न्हाई, बाई चालती-फिरती राहती. मला लगेच समजलं. मी म्हणलं, मॅडम, आमचंबी असंच असतंय, कळपात काई शिरलं का बघायचं तर दोनशे मेंढरं चाळत न्हाई बसत आमी, पुढं चालणारी जी असती तिचे डोळे आन् खुर बघतो. मॅडम म्हणल्या, "मामा, तुमी डॉक्टर व्हायला पायजे होतं." सगळे हसले. सिस्टर हसली, रुपाली हसली, मीबी हसलो. सुगंधा न्हाई हसली. ती माझ्याकडं बघत होती.

ते दार हाललं का? न्हाई, वारं असंल.

तर तो बिब्बा. तुमी म्हणाल बिब्बा कामून लावला — अहो, टाचेत काटा मोडला होता, दोन हिवाळे झाले, बाभळीचा, जुना वाळका, चपलीतनं वर आला. मी काढला सुईनं. मग आपण काय करतो? बिब्बा सुईला टोचायचा, दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की चुरचुरत लावायचा. तुमच्या घरीबी करत असतील. तिनं ओठ दाबून धरला, पण पाय हालवला न्हाई. लय सोशिक हाय. काळा डाग राहिला, तो राहतोच. मग तो डाग गेला न्हाई, एवढंच न्हाई तर — मोठा झाला. ती म्हणायची, अहो, हे पसरायलंय. मी म्हणायचो, बिब्बा उतलाय, कातडी उठती त्यानं, त्यात काय. दोनदा परत लावला वरून. व्हय, त्याच जागंवर. मॅडमला हे सांगितलंय बरं का, बिब्ब्याचं सगळं सांगितलंय. त्या म्हणल्या, बिब्ब्यानं रोग झाला असं कुणी म्हणणार न्हाई, पण बिब्ब्याच्या आड तो लपला. ते काई लपवलेलं न्हाई मी. उगं कुणाला वाटायला नको.

वण? कोणता वण? हां, तो. तो म्हणलो की, लहानपणीचा.

म्हणजे असं हाय — मॅडम मघाशी काय म्हणल्या ते सांगतो, तुमी शहाणे माणूस हाव, तुमाला कळंल. म्हणल्या, रेघ वर आली, मांडीपतोर नीट आली, आन् वणापशी येऊन थबकली. तिथं ठिपका न्हाई. तिथं अंधार. मग ती फुटली आन् आडवाटेनं गेली, बाजूला, वरच्या अंगाला, आन् तिथं कुठंतरी बारका ठिपका दिसायलाय. तव्हा त्यांनी इचारलं, वण कव्हाचा, वरच्यावर होता का खोल, कुणी कापलं होतं का. लहानपणचा फोड असंल तर ठीक, वाट तशीच वाकडी असंल म्हणल्या, मग तो बारका ठिपका हीच आपली गाठ धरायची, काढायची, पाठवायची. मी म्हणलं, लहानपणीचाच. त्या गेल्या. आता काढत असतील. ती दुसरीच.

सुगंधा जागी हाय आत. कमरेत सुई दिलीय, खालचं कळत न्हाई, पण डोळे उघडे हायेत, बोलायला येतंय. तिलाबी इचारलं असंल त्यांनी. ती काय म्हणली असंल? मी जे म्हणलो तेच. मागच्या बारीला तपासताना मॅडमनी बोट ठेवलं वणावर, तव्हा ती माझ्या तोंडाकडं बघायली, मी म्हणलं फोड, ती म्हणली फोड. मी म्हणलं माहेरी असताना, ती म्हणली माहेरी असताना. तीस वर्षं झाली लग्नाला, एका शब्दाचा फरक न्हाई. अशी बाई.

तुमी असं बघू नका आबासाहेब. बरं, सांगतो. तो फोड न्हवता, अवधाण होतं. पायात काई झालं की जांघेत गाठ येती बघा, ठणकती, ताप भरतो — तेच. मागच्या दिवाळीच्या मागंपुढं आलं होतं. आपल्याला काय, माहीत असतंय, पायाला जखम तर जांघेत अवधाण, त्यात नवल काय? म्हाताऱ्या माणसांना हे टीव्हीबिगर माहीत होतं की टाचेची वाट जांघेत जाती. लिंबोळीइतकं होतं, मग लिंबाइतकं झालं. चालता येईना. मग एक वैदू आला होता तिकडं, जिंतूरकडचा, त्यानं फोडलं. पू निघाला, उतार पडला, आठ दिवसात ती परत मेंढरामागं. आता वैदूनं फोडलं म्हणलं की हे डॉक्टर लोक अंगावर येणार, कोण वैदू, कुठला वैदू, म्हणून म्हणलं जाऊ द्या, लहानपणीचा. फोड काय आन् अवधाण काय, पूच निघाला ना?

कुठला? वसमतकडचा होता म्हणलं ना. जिंतूर म्हणलो का? मग जिंतूरकडचाच असंल, फिरतीवरचा माणूस, त्याला काय गाव.

…

न्हाई. वैदूबिदू कुणी न्हवता.

मीच फोडलं. तुमी आता उठून जाऊ नका, बसा जरा. आमच्या मेंढराला गळ्याखाली गाठ पिकती, ती मीच फोडतो, तीस वर्षं झाली, दहा गावची माणसं मला बोलावत्यात, येडबाचा हात हलका हाय म्हणत्यात. वस्तरा इस्तवावर धरायचा, एकदाच वढायचा, दाबायचं, हळद भरायची. एक मेंढरू मेलं न्हाई माझ्या हातानं. मग दवाखाना कामून? दवाखाना मेंढरांच्या तळापासनं अठरा किलोमीटर, मेंढरं कुणाकडं सोपवायची, आन् ती स्वतःच म्हणली — व्हय, ती स्वतः म्हणली, परक्या माणसाला मी जांघ दाखवणार न्हाई, तुमीच बघा. सकाळची वेळ, ऊन नुकतं आलं होतं. तिनं लुगड्याचा पदर तोंडात धरला. मी वढलं. पू आला, रगत आलं. दाबलं. आन् मग —

सिस्टर गेली की काय आत? पाण्याची बाटली होती तिच्या हातात. कुणाला पाणी?

मग गाठच आली बाहेर. अख्खी. मेंढराची कधी येती अशी, त्याचं काई न्हाई. पण मेंढराची पांढरी असती आबासाहेब, दह्यासारखी. पिवळट असती. मी तीस वर्षं बघतोय. ही काळी होती. जांभळाची बी असती ना, तेवढी, आन् काळीकुट्ट, शाई भरल्यावाणी. बोटाला लागलं ते काळं. मी पाण्यानं धुतलं तर पाणी काळं झालं. ती म्हणली, काय निघालं? मी म्हणलं, काई न्हाई, पू. तिकडं तोंड कर. आन् मी ती उचलली, बांधाला गेलो, खड्डा केला आन् पुरली, वर धोंडा ठेवला. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. न्हाई — कुत्र्यांसाठी न्हाई. तिनं बघू नये म्हणून. मलाबी परत दिसू नये म्हणून.

तव्हाच मला कळलं होतं. काय हाय ते न्हाई कळलं, पण हे बरं न्हाई एवढं कळलं. माझा हात त्या दिवशी जेवताना भाकरीला लागेना. मेंढराला काळी गाठ निघाली असती तर मी ते मेंढरू त्या दिवशी कळपातनं बाजूला काढलं असतं, डॉक्टरला फोन लावला असता, सरकारी, जनावराच्या. मेंढरासाठी लावलाय मी फोन. हिला मी आठव्या दिवशी मेंढरामागं धाडली. ती आपली खूश — येडबाचा हात हलका. कुणाला सांगितलं न्हाई, पण माझ्यापुढं ताठ चालून दाखवायची. आन् एक वर्ष गेलं.

आता तुमी म्हणाल, मग आज बोलायला काय झालं होतं? मॅडम समोर उभ्या होत्या, हातभर अंतरावर. काय झालं होतं — रुपाली उभी होती बाजूला, ती खाली गेली नंतर. ती मला पहिल्या दिवशीच म्हणली होती, मामा, खरं सांगा, घरी कुणी काई केलं होतं का? मी तिच्यावर खेकसलो. म्हणलं, तू मला शिकवतीस व्हय. ती सून हाय आबासाहेब, तिच्यापुढं... आन् ते तेवढंच न्हाई. खरं सांगू का? मॅडम म्हणल्या ना, तो बारका ठिपका काढतो आन् पाठवतो. मी इथं बसून तेच मनात घोळवायलोय — ती गाठ चांगली निघंल. निघणारच. तिच्यापतोर काई गेलंच नसंल. कागद येईल, मॅडम म्हणतील, मामा, पहारेकरी निर्मळ हाय, घरी जावा. सुगंधा हसंल. रुपाली पेढे वाटंल दवाखान्यात. आन् मीबी पेढा खाईन. मला एकट्याला माहीत असंल की त्यांनी तपासला तो पहारेकरीच न्हवं. खरा होता त्याला मी वस्तऱ्यानं काढला, आन् तो काळा होता, आन् तो बांधाला धोंड्याखाली हाय. हिरवं औषध तिथं जाऊन थबकलं ते उगंच न्हाई. कुणी न्हाई तिथं. मीच रिकामी केलीय ती जागा.

किती वेळ झाला त्यांना आत जाऊन? पंधरा मिनिटं? वीस? अजून काढली नसंल. काढली असली तरी — इलाज दुसरा असतो म्हणल्या होत्या मॅडम, त्या दिवशीच. गाठीत रोग असंल तर नुसतं कापून भागत न्हाई, औषधं हायेत आता, सलाईनमधनं देत्यात, लवकर दिली तर गुण येतो. लवकर. म्हणजे कागद निर्मळ आला तर ती औषधं कुणी देणारच न्हाई. ती हसत हसत घरी येणार आन् —

तुमी काई बोलू नका. जिन्यात कुणाचं पाऊल वाजायलंय, रुपाली असंल. असू द्या. तिनंबी ऐकावं. आता तुमी एक करा, उठा, खाली जाऊन चहा पिऊन या. न्हाई, रागानं न्हाई म्हणत. तुमाला मी एका सकाळी तीन गोष्टी सांगितल्या, तुमी समोर बसलेले दिसलाव की माझी जीभ परत माहेराकडं पळंल. तुमच्या मंडळीला काई होत न्हाई, तुमचा नंबर येईल तव्हा हाक मारत्यात. जावा तुमी. जावा म्हणलं ना.

दार वाजवू नये लिहिलंय. व्हय, येतं मला वाचता.

— सिस्टर! ओ सिस्टर! मॅडमला म्हणावं हात थांबवा. मी सुगंधाबाईचा मालक. तो वण लहानपणीचा न्हाई.